उजेड डावीकडून

१

महेश्वर सरांनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि त्या एकतीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा एकच वाक्य उच्चारलं: उजेड डावीकडून. स्थिरचित्राची मांडणी झाली, की सर वर्गाच्या उजव्या बाजूच्या खिडक्या लावून घेत, डाव्या बाजूच्या सताड उघडत आणि विचारत, "का?" पोरं एका सुरात ओरडत, "आपल्या हाताची सावली आपल्या कागदावर पडू नये म्हणून!" मग सर खूश होत. पाठीमागं पोरं त्यांना 'डावीकडून सर' म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर काही काळ त्यांनी पेन्सिल हातात धरली नव्हती. या वैशाखात मात्र ती पुन्हा बाहेर निघाली. सोलापुरात वैशाखात दहा वाजले, की सगळेच खिडक्या लावून घेतात. सर त्यावर काळं कापडही सोडायचे. भवानी पेठेतल्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत भर दिवसा काळोख व्हायचा, मागच्या गल्लीतले यंत्रमाग खटखटत राहायचे आणि सर डावीकडे टेबललॅम्प लावून बसायचे. समोर स्टुलावर रोज तीच मांडणी. पितळी तांब्या, एक कांदा, मागाचा जुना लाकडी धोटा आणि पाठीमागं सोलापुरी चादरीची चुरगळलेली घडी.

ही मांडणी त्यांची नव्हती, उर्वीची होती. उर्वी त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि अकराव्या दिवशी ती गेली. तिचं वय एकोणीस. तिच्या बोर्डावर एक अर्धवट चित्र राहिलं होतं. चादर पुरी, कांदा पुरा, धोटा पुरा, आणि तांब्याच्या पोटावर मात्र खोडरबरानं घासघासून पांढरी पडलेली तळहाताएवढी जागा. ती जागा भरायची, चित्र पुरं करायचं आणि तिला जाऊन दोन वर्षं होतील त्या दिवशी भिंतीवर लावायचं, एवढंच सरांनी मनाशी घेतलं होतं. हात बसलेला नव्हता, म्हणून आधी महिनाभर वेगळ्या कागदावर सराव. मग तिचा कागद.

ती जागा खोडली कुणी, हे सरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

२

पहिली चूक दिसली ती तांब्यावर.

दानम्मा, म्हणजे सरांची बायको, तांब्या रोज चिंचेनं घासून ठेवायची. घासलेल्या पितळेवर दिव्याचा एक बारीक पांढरा ठिपका चमकतो. चित्रात तो ठिपका बरोबर जागी सोडला, की तांब्या गोल दिसतो. दिवा डावीकडे, म्हणजे ठिपका तांब्याच्या डाव्या खांद्यावर. सरांनी तो डावीकडे सोडला, शेडिंग करत करत उजव्या बाजूला आले आणि वर पाहिलं. ठिपका उजव्या खांद्यावर होता.

सर माणूस हिशेबी. त्यांनी लगेच देवाचं नाव घेतलं नाही. आधी चष्मा पुसला. मग उजव्या खिडकीचं कापड दाबून पाहिलं, फट कुठं नव्हती. गेल्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. ठिपका उजवीकडेच.

"अवो, च्या निवला की," दानम्मा दारात येऊन म्हणाली. "काय बघालाव एवढं?"

"तांब्या नीट घासला नाहीस आज."

"घासलाय की चांगला. तोंड दिसतंय त्यात." ती कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. आवाज चढला, की तिचं कानडी वर यायचं. "साकु आता. पुरे झालं. डोळे जातील तुमचे."

सर चहा प्यायला आत गेले. परत आले तेव्हा ठिपका डावीकडे होता. म्हातारपण, ते मनाशी म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं.

३

उर्वी डावखुरी होती.

ती तीन वर्षांची असताना सरांच्या आईनं तिच्या डाव्या हाताला फडकं बांधलं होतं. सरांनी ते सोडलं आणि जन्मात पहिल्यांदा आईवर ओरडले. "पोरगी ज्या हातानं लिहील त्या हातानं लिहील," ते म्हणाले होते. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. शिक्षकांच्या खोलीत ती त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की लोक चहाचे कप उचलून दुसऱ्या टेबलावर जात.

हात चांगला होता पोरीचा. पण तिच्याशी रोज एकच भांडण. सर खोलीतून बाहेर गेले, की ती दिवा उचलून उजवीकडे ठेवायची. परत आले, की सर तो डावीकडे आणायचे.

"दिवा कुणी हलवला?"

"बाबा, मला नीट दिसत नाही."

"कारणं नकोत. उजेड डावीकडून."

तेव्हा ती जीभ टाळूला लावून 'च्यक' असा आवाज करायची. दुसरं काही बोलायची नाही. पुढं पुढं तिनं दिवा हलवायचंच सोडलं. सरांना वाटलं, शिकली.

सरांचं दुसरं आवडतं वाक्य होतं: जे माहीत आहे ते काढू नका, जे दिसतं तेच काढा. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी उर्वी तेच करत होती. त्या शेवटच्या संध्याकाळी सरांनी तिच्या कागदावर पाहिलं, तर तांब्याच्या पोटावर कुठलाच अर्थ नसलेला एक मोठा काळा डाग. बरं, वरच्या रेघाही उलट्या तिरक्या. "तांब्याला काय काळपुळी झालीय?" सर म्हणाले, आणि तिच्या हातातला खोडरबर घेऊन त्यांनी तो डाग स्वतः खोडला. चांगला दाबून खोडला.

उर्वी बघत राहिली. मग तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि आत जाऊन पडली. रात्री अंग तापलं होतं.

४

इसूफभाई फ्रेमचं माप घ्यायला आला त्या दिवशी मांडणीत आणखी एक चूक होती.

इसूफचं फ्रेमचं दुकान कोपऱ्यावर. शाळेच्या सगळ्या तसबिरी त्यानंच केलेल्या, त्यामुळं सरांशी तीस वर्षांचं बोलणं. तो टेप घेऊन आत आला, अंधारात डोळे किलकिले करून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, दोन दिवे लावलाव काय?"

"एकच आहे की."

"मग ह्या कांद्याची सावली हिकडं कशी?"

सरांनी ती सकाळपासून पाहिली होती. धोट्याची सावली उजवीकडे पडलेली, तांब्याची उजवीकडे आणि कांद्याची तेवढी डावीकडे, दिव्याच्याच दिशेनं. सकाळपासून ते स्वतःला समजावत होते, की पितळेवरून उजेड उलटा फिरत असेल. आता ती दुसऱ्या माणसानंही पाहिली होती.

"पितळेचं असतं तसं," सर म्हणाले.

"व्हय व्हय, आसंल की." इसूफनं माप घेतलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा घेतलं. जाताना चप्पल घालता घालता तो हळूच म्हणाला, "सर, दुपारचं येकटं बसत जाऊ नका."

दार लागलं. सर परत बसले. आता धोट्याचीही सावली डावीकडे वळली होती. सर पाहत असतानाच तांब्याची सावली आखडली आणि घड्याळाच्या काट्याइतक्या सावकाश फिरू लागली. सगळी खोली उजवीकडून कुणी दिवा आणत असल्यासारखी उजळत होती, आणि दिवा तर तिथं डावीकडे जळत होता.

सर घाबरले. आणि घाबरलेला माणूस जे तोंडात बसलेलं असतं तेच बोलतो.

"उजेड डावीकडून!" ते वर्गातल्यासारखे ओरडले.

सावल्या थांबल्या. मग एकेक करून मुकाट्यानं उजवीकडे गेल्या. आधी तांब्याची, मग धोट्याची, शेवटी कांद्याची.

असं ऐकणारं एकच माणूस त्या घरात होतं.

५

पुढचे तीन दिवस मांडणी अगदी शहाण्यासारखी वागली. सरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

चौथ्या दिवशी ते तांब्याचं पोट भरत होते. त्यांच्या कागदावर एक सावली आली. त्यांना वाटलं, आपल्याच हाताची. पण त्यांच्या हाताची सावली उजवीकडे, कागदाच्या बाहेर पडली होती, नियमाप्रमाणं. ही डावीकडून आली होती आणि नेमकी तांब्याच्या पोटावर टेकली होती.

सरांनी पेन्सिल ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले आणि कागदाकडे पाहिलं. सावली तिथंच होती. एवढंच नाही, ती हलत होती. पुढं मागं, पुढं मागं, अगदी थोडी, शेडिंग करणाऱ्या हातासारखी. मध्येच थांबायची, बाजूला सरायची, जणू खाली काय चाललंय ते दिसावं म्हणून जागा करून बघायची. आणि पुन्हा तिथंच यायची.

त्यांनी मान वळवून दिव्याकडे पाहिलं. दिवा आणि कागद यांच्यामध्ये काहीच नव्हतं. उजेडाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत होते. एका जागी तेवढे ते नव्हते.

तेवढ्यात वीज गेली. खोली काळीकुट्ट झाली. मागच्या गल्लीतले माग एकाएकी बंद पडले आणि पेठेत दुपारची ती विचित्र शांतता पसरली. त्या शांततेत, सरांच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर, कुणीतरी वैतागून आवाज केला.

च्यक.

६

सरांनी दानम्माला सांगितलं. ती रडेल, नाहीतर आपल्याला दवाखान्यात नेईल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं पदराला हात पुसले, बाहेर आली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. वीज आल्यावर दिवा लागला. सावली आली. दानम्मानं मान पुढं काढून ती पाहिली.

"करंगळी बगा," ती म्हणाली. "आत मुडपलीय. तशीच धरायची."

सर वाकले. करंगळी मुडपलेलीच होती.

"हात आडवा येतो म्हणायची ओ. स्वतःचाच हात. आई, मी अंधारात काढते, म्हणायची."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं. तुमी म्हणालाव, नियम हाय."

सरांना आठवेना. आणि मग एकदम सगळंच आठवलं. एकतीस वर्षं फळ्यावर त्यांनी हात काढून दाखवला होता, तो नेहमी उजवा. डावीकडून उजेड आला, की उजव्या हाताची सावली कागदाबाहेर जाते. डाव्या हाताची नेमकी कामावर पडते. हे काही मोठं शास्त्र नव्हतं. आठवीतल्या पोरानं सांगितलं असतं. त्यांनी तिच्या हाताचं फडकं सोडलं, त्याचा डांगोरा पिटला, आणि मग सोळा वर्षं तिला तिच्याच हाताच्या सावलीत बसवलं.

"दिवा तिकडं घ्या," दानम्मा म्हणाली. "पोरीला दिसंना."

सर उठले. दिव्याला हात लावला आणि तिथंच उभे राहिले. दिवा उजवीकडे नेला, तर ही सावली कागदावरून जाणार होती. दोन वर्षांनी तिचा हात घरात आला होता. मुडपलेल्या करंगळीसकट.

"उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही ते उद्या म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. सराव बंद पडला. सर कोरा कागद लावायचे, डावीकडे दिवा लावायचे आणि ती सावली बघत बसायचे. एकदा त्यांनी तिच्यावर आपला तळहात ठेवला. कागद थंडही नव्हता, गरमही नव्हता. सावली त्यांच्या हातावर आली आणि काम करत राहिली. ते हुंदके देऊन रडले.

'च्यक' वाढत चाललं. आधी तासाला एकदा, मग मिनिटामिनिटाला. पाचव्या दिवशी ते बंद झालं. सावली कागदावर आली ती तशीच पडून राहिली, न हलता. पेन्सिल खाली ठेवून नुसता टेकवलेला हात.

"कटाळली बगा," दानम्मा दारातून म्हणाली. "पुन्ना तेच करालाव तुमी. पुन्ना तेच."

उर्वीला जाऊन दुसऱ्या दिवशी दोन वर्षं होणार होती.

७

सरांनी दिवा उचलला. त्याची स्प्रिंग कुरकुरली. आपल्या समोरून, मांडणीच्या पुढून तो नेऊन त्यांनी उजवीकडे ठेवला आणि त्याची मान खाली वाकवली. हयातीत पहिल्यांदा उजेड उजवीकडून.

कागदावरची सावली डावीकडे सरकली, कडेशी आली आणि उतरून गेली. सरांनी ती जाताना डोळे मिटले नाहीत. कागद स्वच्छ झाला.

उर्वीचा बोर्ड समोरच्या भिंतीला, डाव्या कोपऱ्याकडं टेकून ठेवलेला होता. उजेड आता त्याच्यावर उलट्या बाजूनं, अगदी आडवा पडला होता. खोडलेल्या पांढऱ्या जागेवर काहीतरी उठून आलं. शिसं गेलं होतं, पण पेन्सिलीनं कागदात दाबलेल्या रेघा तशाच राहिल्या होत्या. डावखुऱ्या हाताच्या, उलट्या तिरक्या, दाट, एकीला लागून एक. सर गुडघ्यांवर बसून जवळ गेले. चार बोटं. आत मुडपलेली करंगळी. पेन्सिलीचं टोक.

तो डाग नव्हता. जे दिसतं तेच काढा, असं त्यांनी सांगितलं होतं आणि तिला जे दिसत होतं ते तिनं काढलं होतं. तांब्यावर पडलेली स्वतःच्या हाताची सावली. इतकी बरोबर सावली सरांना स्वतःला कधी जमली नव्हती. तोंडानं सांगून उपयोग झाला नाही, तेव्हा तिनं ते काढून दाखवलं होतं. आणि त्यांनी ते दाबून खोडलं.

ते कसेबसे येऊन जागेवर बसले. तेव्हा डावीकडून आवाज यायला लागला. कागदावर पेन्सिल चालल्याचा.

सरांनी मान वळवली नाही. समोर तांब्या होता, घासलेला, तोंड दिसेल असा. त्याच्या पोटात वाकडीतिकडी खोली दिसत होती. उजवीकडे दिवा. मध्ये वाकून बसलेला एक म्हातारा. आणि त्याच्या डाव्या हाताला, जिथं मघाशी काहीच नव्हतं, तिथं खाली मान घातलेलं, कामात गढलेलं काहीतरी. केस पुढं आलेले. तोंड दिसत नव्हतं. ते वर झालं असतं तर दिसलं असतं, आणि ते वर होऊ नये म्हणून सरांनी श्वाससुद्धा धरून ठेवला.

रेघा लांब येत होत्या, मोकळ्या. मध्ये कुठं थांबणं नाही, बाजूला सरणं नाही, 'च्यक' नाही.

"दिसतंय का गं आता?" सरांनी फार हळू विचारलं.

आवाज थांबला. बाहेर माग खटखटत होते. मग पेन्सिल पुन्हा चालू झाली, आणि दुपारचा एक वाजेपर्यंत चालली. त्यानंतर ती थांबली. तांब्यात दिवा होता आणि एकटा म्हातारा होता. त्याच्या डाव्या हाताशी, जिथून आवाज येत होता, तिथं कागद नव्हताच कधी.

८

इसूफनं चित्र हातात घेतलं आणि मधली पांढरी जागा पाहून विचारलं, "सर, हे भरायचं हुतं न्हवं?"

"नाही. पूर्ण आहे ते."

इसूफनं काच बसवली. चित्र भिंतीवर लागलं. उजवीकडून दिवा धरला, तरच त्यात काय आहे ते दिसतं, त्यामुळं येणाऱ्याजाणाऱ्यांना ते अर्धवटच वाटतं. सर कुणाला समजावत बसत नाहीत.

सराव त्यांनी सोडला नाही. तीच मांडणी, तीच वेळ. दिवा तेवढा उजवीकडे असतो आणि तो आता कुणी हलवत नाही. सावल्या जिकडे पडायला हव्यात तिकडेच पडतात. डावीकडून कागदावर काही येत नाही. सर वाट बघतात, आणि तिनं यावं असं वाटतं म्हणून त्यांना स्वतःचीच लाजही वाटते.

उजवीकडून उजेड आला, की उजव्या हाताची सावली नेमकी कामावर पडते. पेन्सिलीचं टोक दिसत नाही. रेघ कुठं संपली ते हात उचलल्याशिवाय कळत नाही. परवा तांब्याचं पोट भरताना सर असेच चाचपडत होते. एकदा हात सरकवून पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांची जीभ आपोआप टाळूला लागली आणि वैताग बाहेर पडला.

च्यक.

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज होता, तो थांबला. मग आतून दानम्माची हाक आली, दोन वर्षांत न मारलेली.

"उर्वी?"

सरांनी पेन्सिल घट्ट धरली. मी आहे, एवढंच सांगायचं होतं. त्यांना ते सांगता आलं नाही.